सुटणे आणि सोडविणे

मरणाविषयी बोलताना मराठी माणूस शब्द फार जपून निवडतो. संताने देह ठेवला, असे आपण म्हणतो. कर्जाला किंवा अपमानाला कंटाळलेल्या माणसाने जीव दिला, असे म्हणतो. आणि वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूस गेले, की घरातली वडीलधारी बाई पदराने डोळे टिपीत म्हणते, 'सुटला बिचारा.' तीनही ठिकाणी घडते ते एकच, प्राण जातो. परंतु पहिल्या शब्दात आदर आहे, दुसऱ्यात हळहळ आणि थोडा ठपकाही आहे, आणि तिसऱ्यात कसलासा निःश्वास आहे. देह ठेवणारा आणि जीव देणारा हे दोघेही आपापल्या कृतीचे कर्ते असतात. 'सुटणे' ह्या अकर्मक क्रियापदाला मात्र सोडविणाऱ्याची गरज लागत नाही. रोग्याला कोणी सोडविले, असा प्रश्न त्या घरात कोणी विचारीत नाही. विचारलाच तर उत्तर 'देवाने' असे येते.

स्वेच्छामरण आणि दयामरण ह्यांविषयी आपल्याकडे जो वाद झाला, त्याचा इतिहास मला ह्या तीन शब्दांच्या आधाराने सांगावयाचा आहे. कारण पुष्कळ काळ हा वाद देह ठेवणाऱ्यांविषयी झाला, मग काही काळ जीव देणाऱ्यांविषयी झाला, आणि अखेरीस तो येऊन पोहोचला तो जिला देह ठेवता येत नव्हता, जीव देता येत नव्हता, आणि जी सुटतही नव्हती, अशा परळच्या एका रुग्णालयातील परिचारिकेच्या खाटेपाशी.

देह ठेवण्याची परंपरा प्रथम पाहू. ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ साली, आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाला आपण आत्मघात म्हणत नाही, आणि म्हटलेले आपल्याला सहन होणार नाही. परंतु ज्ञानदेवांसारख्या योग्याची गोष्ट वेगळी ठेवली, तरी सामान्य गृहस्थासाठीही धर्मशास्त्राने ह्या विषयाचा विचार केला होता. आत्मघात हे पातक, हा सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद म्हणून अत्रिस्मृतीत एक अशी व्यक्ती येते, की जी अतिशय वृद्ध झाली आहे, जिला शौचाशौचाचे भान उरलेले नाही आणि जिच्यावर वैद्यांचे उपचार चालेनासे झाले आहेत. अशा माणसाने अग्नी, जल, कडा किंवा अनशन ह्यांच्या द्वारे देहाचा अंत केला, तर त्याचे तीन रात्रींचे अशौच पाळावे, असे स्मृतिकार म्हणतात. म्हणजे त्याला पातकी मानून वाळीत टाकीत नाहीत. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहत् इतिहासात ही सर्व वचने साक्षेपाने मांडली आहेत. त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट आढळते, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कलियुगात वर्ज्य ठरविलेल्या आचारांची जी यादी पुढे निबंधकारांनी केली, तीत महाप्रस्थान आले आणि वृद्धांनी कड्यावरून किंवा अग्नीत देह टाकणे हेही आले. म्हणजे ज्या शास्त्राने दार किलकिले केले, त्यानेच पुढे ते लोटून घेतले. का लोटले, हे निबंधकार उघड सांगत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्यांना ह्या दाराकडे ढकलणारे हात त्यांनी पाहिले असतील, असा माझा एक तर्क आहे. तर्कापलीकडे त्याला किंमत देऊ नये.

जैन समाजातील सल्लेखनेचे व्रत मात्र अखंड चालत आले. अपरिहार्य संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि ज्याला उपाय नाही असा रोग, ह्या प्रसंगी साधकाने आहार क्रमाक्रमाने कमी करीत देह सोडावा, असे रत्नकरंड श्रावकाचार ह्या ग्रंथात सांगितले आहे. आपल्याकडील त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आचार्य शांतिसागर ह्यांचे. ते मूळचे बेळगाव भागातले. दृष्टी अधू झाली, पायाखालचा जीवजंतू दिसेना, तेव्हा अहिंसेचे व्रत निर्दोषपणे पाळता येत नाही म्हणून त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचा अंत झाला. त्याच्या दहा दिवस आधी त्यांनी मराठीत उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आला. उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी एक माणूस आपण काय करीत आहोत आणि का, हे स्वतःच्या तोंडाने सांगत आहे! ह्या परंपरेचे सगळे बळ त्या एका गोष्टीत आहे.

पुढे १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १ फेब्रुवारीपासून अन्न व औषध वर्ज्य केले आणि २६ फेब्रुवारीस, वयाच्या ८२ व्या वर्षी, मुंबईत देह ठेवला. आत्महत्या वेगळी आणि आत्मार्पण वेगळे, ही भूमिका त्यांनी आधीच एका लेखात मांडली होती. जीवितकार्य संपले, शरीर निरुपयोगी झाले, तर कृतार्थ माणसाने आपण होऊन जावे, असा त्या लेखाचा रोख. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. थोड्याच दिवसांत त्यांनी अन्न, पाणी आणि औषध ही तिन्ही नाकारली. पंतप्रधानांनी जाऊन विनविले तरी ते ढळले नाहीत, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. सावरकर आणि विनोबा ह्यांचे विचार बहुतेक सर्व बाबतींत परस्परांच्या विरुद्ध टोकांना होते. ह्या एका बाबतीत दोघे एका वाटेने गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु ह्या उज्ज्वल ओळीमागे एक काळी सावलीही आहे. सती जाणारी स्त्रीही 'स्वेच्छेने' जात होती, असेच तिचे दीर सांगत. १८२९ साली बेंटिंकने बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध जे अर्ज झाले त्यांत स्वेच्छेचा हा मुद्दा होताच. ढोलताशांच्या गजरात कोणाची इच्छा कोणाची आहे, हे ओळखणे कठीण होते. म्हणून स्वेच्छामरणाच्या वादात 'स्वेच्छा' ह्या शब्दापाशी जो क्षणभर थबकत नाही, त्याच्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

आता दुसऱ्या शब्दाकडे, जीव देण्याकडे, वळू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३०९ होते; आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंतची कैद. ज्या विलायतेतून हे कलम आले, तेथे आत्महत्या हा गुन्हा १९६१ साली रद्द झाला; आपल्याकडे मात्र तो चालूच राहिला. त्या कलमावर पहिला मोठा घाव मुंबईत बसला, आणि तो एका साध्या पोलीस शिपायाच्या खटल्यात बसला. अपघातात डोक्याला मार बसल्यापासून त्याचे मन थाऱ्यावर नव्हते. बायकोसाठी भाजीच्या दुकानाची परवानगी मिळवायला तो महानगरपालिकेत खेटे घालीत होता, आणि १९८५ साली त्याने तेथेच अंगावर रॉकेल ओतून घेतले. लोकांनी त्याला वाचविले. सरकारने त्याच्यावर खटला भरला. 'मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ह्या नावाने कायद्याच्या पुस्तकांत असलेला तो खटला १९८६ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांचा युक्तिवाद स्वच्छ होता. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्य येते, तर जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्क का येऊ नये? आणि ज्याचे मन आजारी आहे, त्याला तुरुंगाची नव्हे तर वैद्याची गरज आहे. त्यांनी कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. मात्र त्याच निकालपत्रात त्यांनी एक रेघ जाणीवपूर्वक ओढली. आत्महत्या हे स्वतःचे कृत्य आहे. दयामरणात दुसऱ्याचा हात येतो, म्हणून ते सर्वस्वी वेगळे. सोडविणारा येताच प्रश्न बदलतो, हे त्यांनी ओळखले होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हीच भूमिका उचलली आणि १९९६ साली, ग्यान कौर खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती फिरविली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे ठरले. परंतु प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्कात नैसर्गिक आयुष्याच्या शेवटापर्यंतची, आणि मरतेवेळचीही, प्रतिष्ठा येते, असे एक वाक्य त्या निकालात राहिले. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे वचन आहे; ते वचन स्मशानाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन ठेवण्याचे काम त्या वाक्याने केले. बाकी कलम ३०९ ची कथा थोडक्यात सांगून टाकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याचे दात काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरलेच नाही. त्या शिपायाचा मुद्दा सरकारला पटायला सुमारे चार दशके लागली.

ह्याच सुमारास मुंबईतील काही सुशिक्षित मंडळींनी प्रश्नाची दुसरी बाजू उचलली. मिनू मसानी ह्यांनी १९८१ साली प्रतिष्ठेने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था स्थापन केली. १९८५ साली प्राध्यापक सदानंद वर्दे ह्यांनी विधान परिषदेत एक खाजगी विधेयक मांडले. असाध्य रोग झालेल्या माणसाने आधी लिहून ठेवल्याप्रमाणे डॉक्टरांनी जीव लांबविणारे उपचार थांबविले, तर त्यांच्यावर गुन्हा होऊ नये, एवढाच त्याचा आशय. त्याचा कायदा झाला नाही. तेहतीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने जे मान्य केले, त्याचा गाभा मुंबईतल्या त्या विधेयकात होता. ह्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आधी लिहून ठेवणारा माणूस हा देखील बोलणाराच माणूस असतो. मुक्याचे काय? ह्या प्रश्नाला आपल्याकडे सर्वांत धीटपणे तोंड दिले ते महात्मा गांधींनी, आणि तेही एका वासराच्या निमित्ताने. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपाय हरले, तेव्हा गांधींनी डॉक्टरकडून सुई टोचवून त्याला मरण दिले. देशभर गदारोळ उठला. अहिंसेच्या आचार्याने गोहत्या केली, अशी पत्रे आली. गांधींनी आपल्या साप्ताहिकांतून उत्तरे दिली, आणि हाच न्याय माणसाला लावाल काय ह्या प्रश्नाला बगल दिली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की तत्त्व एकच आहे. व्यवहारात आपण माणसाला मरण देत नाही, कारण एक तर त्याची सेवा करण्याची साधने आपल्याजवळ असतात, आणि दुसरे, तो स्वतः विचार करून ठरवू शकतो. परंतु बरे होण्याची आशा नाही, माणूस बेशुद्ध असून यातनांत आहे, आणि कोणतीही मदत करता येत नाही, अशा वेळी त्याचा अंत करण्यात हिंसा दिसत नाही. सेवा करता येणे आणि रुग्णाला बोलता येणे, ह्या दोन कसोट्या गांधींनी सांगितल्या. पंचेचाळीस वर्षांनी परळला जो प्रसंग उभा राहिला, त्यात दुसरी कसोटी पूर्णपणे हरली होती आणि पहिली पूर्णपणे जिंकत होती. गांधींच्या उत्तरातील दोन वाक्ये तेथे एकमेकांसमोर उभी राहिली.

मधल्या काळात वैद्यकशास्त्राने मरणाचे स्वरूपच पालटून टाकले होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी घालून, वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबीत त्यांना रात्रंदिवस श्वास देत बसले. ह्या उपायातून अतिदक्षता विभाग जन्माला आला. पुढे विद्यार्थ्यांच्या हातांची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही, हा त्याचा गुण आहे आणि अडचणही. पूर्वी रोग एका मर्यादेपलीकडे गेला की माणूस सुटत असे; आता यंत्र कोणीतरी थांबविल्याशिवाय तो सुटेना. १९५७ साली पोप बारावे पायस ह्यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले, की असाधारण उपचार चालूच ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर किंवा कुटुंबावर नाही. १९७६ साली अमेरिकेत कॅरेन क्विनलन हिच्या बाबतीत आणि १९९३ साली इंग्लंडात टोनी ब्लँड ह्याच्या बाबतीत न्यायालयांना हाच प्रश्न सोडवावा लागला. ब्लँडच्या खटल्यात पोटात नळीने घातलेले अन्न हाही उपचारच, असे ठरले. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. त्याच्याशी आपल्याला काम आहे.

अरुणा रामचंद्र शानबाग ह्या मूळच्या हळदीपूरच्या. उत्तर कॅनरा जिल्ह्यातले हे गाव. १९४८ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा तो जिल्हा मुंबई प्रांतात होता आणि १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला. किनाऱ्यावरच्या अनेक मुलींप्रमाणे त्या मुंबईस आल्या आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरीस लागल्या. लग्न ठरले होते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम संपवून कपडे बदलण्यास गेल्या असता तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. मेंदूला रक्त न पोहोचल्याने झालेली हानी कधीच भरून आली नाही. आरोपीस शिक्षा झाली, ती जीवे मारण्याचा प्रयत्न आणि चोरी ह्यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवण्यातच आला नाही. प्रतिष्ठेचा हा प्रश्न मरणाच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या अब्रूच्या नावाखाली जे झाकले गेले, त्याने गुन्हेगाराचेच भले झाले. मुंबईच्या परिचारिका त्या वेळी संपावर गेल्या. त्यांची मागणी साधी होती, कामाच्या जागी सुरक्षितता.

त्यानंतर अरुणाताई चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत राहिल्या. किती काळ? जवळजवळ बेचाळीस वर्षे. आईवडील गेले, नातेवाइकांचे येणे थांबले, लग्न ठरलेला माणूस काही वर्षे येत राहिला आणि मग त्याच्या वाटेने गेला. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. उरल्या त्या परिचारिका. एक तुकडी निवृत्त होई, दुसरी येई. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताना पाहिले नव्हते, किंबहुना ज्या त्या हल्ल्यानंतर जन्मल्या, अशा मुली त्यांना न्हाऊ घालीत, कूस बदलीत, अन्न मऊ करून भरवीत. सदतीस वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट न्यायालयापुढे आली. ज्याने घरात लकवा झालेले माणूस सहा महिने सांभाळले असेल, त्यालाच ह्या एका वाक्याचे वजन कळेल. आठव्या दशकानंतर महानगरपालिकेने त्यांना दुसरीकडे हलवून ती खाट मोकळी करण्याचे मनात आणले, तेव्हा परिचारिकांनी निकराचा विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

लेखिका व पत्रकार पिंकी विराणी ह्यांनी १९९८ साली अरुणाताईंवर पुस्तक लिहिले. त्याआधीच दत्तकुमार देसाई ह्यांनी 'कथा अरुणाची' हे नाटक लिहिले होते. पुढे विनय आपटे ह्यांनी ते रंगभूमीवर आणले. २००९ साली विराणी ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ही स्त्री व्यवहारतः मृतच आहे, तिला अन्न देणे थांबवून शांतपणे मरू द्यावे, असे त्यांचे मागणे होते. त्या मागणीत निष्ठुरता होती असे मला वाटत नाही. एका स्त्रीच्या देहाची जी विटंबना झाली, ती दर दिवशी लांबत आहे, ही वेदना त्यामागे होती.

रुग्णालयाने उलट सांगितले. अधिष्ठाता डॉ. संजय ओक ह्यांनी न्यायालयापुढे जे निवेदन केले त्याचा मथितार्थ असा, की ही आमच्या घरची व्यक्ती आहे आणि आम्ही तिला शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळू. न्यायालयाने मुंबईचे तीन डॉक्टर तपासणीस नेमले. त्यांना असे आढळले, की मेंदू मृत झालेला नाही. श्वास स्वतःचा आहे. जाणीव असल्याची खात्रीलायक खूण नाही. खोलीत गर्दी झाली की त्या आवाज करतात, स्पर्शाने शांत होतात. कोठलेही यंत्र लावलेले नव्हते. हिवतापाच्या आजारानंतर नाकातून नळी आली होती, तेवढीच. म्हणजे थांबवावयाचे काय? विलायतेत जे 'उपचार' ठरले, ते येथे कित्येक वर्षे एका बाईने दुसऱ्या बाईला चमच्याने भरविलेले जेवण होते. पेज भरविणे हा उपचार की नाते, ह्याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा ह्यांनी निकाल दिला. प्रथम त्यांनी ठरविले, की अरुणाताईंची जवळची व्यक्ती कोण. रक्ताचे कोणी येत नव्हते. पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेपेक्षा रोज कूस बदलणाऱ्या परिचारिकांचे नाते न्यायालयाने जवळचे मानले, आणि त्यांना मरण नको होते, म्हणून अर्ज फेटाळला. त्याचबरोबर एक विलक्षण वाक्य निकालात आले: पुढे कधी रुग्णालयातील ह्या मंडळींचे मन बदलले, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा. त्यांचे मन बदलले नाही. परंतु हाच अर्ज फेटाळताना न्यायालयाने, इतर रुग्णांच्या बाबतीत उपचार थांबवून मरण येऊ देणे कायदेशीर होऊ शकेल, असे सांगितले आणि त्याची रीतही घालून दिली. उच्च न्यायालयाचे किमान दोन न्यायमूर्ती, तीन डॉक्टरांचा अहवाल, नातेवाइकांचे म्हणणे. विराणी अर्ज हरल्या. ज्या तत्त्वासाठी त्या गेल्या होत्या, ते मात्र त्या हरलेल्या अर्जातूनच देशाच्या कायद्यात आले.

मला स्वतःला परिचारिकांची बाजू जवळची वाटते, हे लपवीत नाही. तथापि त्या बाजूला एक प्रश्न चुकविता येत नाही. त्यांचे प्रेम खरे होते. पण ते अरुणाताईंच्या इच्छेचा पुरावा होते काय? आपण जिला इतकी वर्षे जगविले ती जावी असे वाटणे कठीणच असते. उलट, तिची इच्छा मरणाची असेल, असे म्हणणाऱ्यांजवळही पुरावा नव्हताच. दोन्ही पक्ष एका मुक्या बाईच्या तोंडात आपापले शब्द घालीत होते. न्यायालयाने त्यातल्या त्यात ज्यांच्या हातांना तिच्या अंगाची ओळख होती, त्यांचे शब्द घेतले. ह्याहून चांगली कसोटी मला सुचत नाही.

प्रत्येक घरी आणि प्रत्येक वॉर्डात अशा परिचारिका नसतात, हीच तर खरी अडचण आहे. आपल्याकडे निष्क्रिय दयामरण न्यायालयाच्या परवानगीने फार थोडे होते. ते होते ते 'आता घरी न्या' ह्या तीन शब्दांनी. डॉक्टर हलक्या आवाजात हे सांगतो, मुलगा सहीचा कागद पुढे ओढतो, आणि म्हातारा गाडीतून गावी परततो. ह्यात कधी शहाणपण असते. अनोळखी यंत्रांमध्ये मरण्यापेक्षा स्वतःच्या माजघरात, तोंडात तुळशीपत्र घेऊन मरण्यात प्रतिष्ठा अधिक, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुष्कळदा त्या कागदावर रोगाबरोबर बिलाचाही हात असतो. रोगी सुटला की कुटुंब सुटले, हे त्या गाडीत बसलेल्यांनाही धड सांगता येत नाही. कलिवर्ज्यकारांनी ज्या हातांची धास्ती घेतली असावी असे मी वर म्हटले, ते हात नेहमी दुष्टच असतात असे नाही. ते बहुधा कर्जबाजारी असतात.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रतिष्ठेने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला आणि आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०११ च्या निकालातील तर्काच्या काही चुकाही ह्या पीठाने दाखविल्या. घातलेली रीत मात्र इतकी अवघड होती, की दंडाधिकाऱ्याच्या सहीवाचून इच्छापत्र पुरे होत नसे. २०२३ च्या जानेवारीत ती सुलभ करण्यात आली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यावर पुन्हा तिघांचे दुसरे मंडळ, अशा दोन चाळण्या लागतात. सुई टोचून मरण देणे मात्र आजही गुन्हाच आहे. गांधींचे वासरू कायद्याच्या अलीकडेच राहिले.

अरुणाताई हे काही पाहण्यास नव्हत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. भोईवाड्याच्या स्मशानात त्यांना पोहोचविण्यास रुग्णालयातील माणसे मोठ्या संख्येने गेली होती. त्या दिवशी मुंबईत पुष्कळांच्या तोंडी एकच शब्द होता, 'सुटली.' चार नंबरच्या वॉर्डातील परिचारिका मात्र घरचे माणूस गेल्यासारख्या रडत होत्या.

हळदीपूर आज ज्या राज्यात आहे, त्या कर्नाटकाने ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढून आपल्या रुग्णालयांत ही डॉक्टरांची मंडळे नेमण्याची व्यवस्था केली. सीमेवरच्या आणि बंगळूरच्या मराठी कुटुंबांनाही तो आदेश लागू आहे. समजा, निपाणीचा एखादा तरुण बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एखाद्या कारखान्यात पाळीवर आहे, धाकटा भाऊ कोल्हापुरास आहे, आणि म्हातारे वडील निपाणीच्या घरी बहिणीच्या हातचे जेवीत आहेत. उद्या वडिलांना बोलता आले नाही, तर त्यांच्या वतीने कोणी बोलावे? पैसे पाठविणाऱ्याने, की भरविणारीने? इच्छापत्राच्या नमुन्यात ह्यासाठी एक जागा आहे. आपली शुद्ध हरपली तर निर्णय कोणी घ्यावा, त्या माणसाचे नाव तेथे घालावयाचे असते. आता एकाहून अधिक नावे घातली तरी चालतात. म्हातारे लोक कागद हातात घेतात, चष्मा पुसतात, बाकीचा मजकूर भरून होतो, आणि त्या जागेपाशी आले की, 'हे उद्या बघू' म्हणून कागद गादीखाली ठेवतात.